पाव, यीस्ट आणि कॅन्डिडा: एका शब्दाने घातलेला घोळ

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ४१ वर्षांच्या शिक्षिका आहेत. दोन-तीन वर्षांपासून पाव, पिझ्झा किंवा बेकरीचं काही जास्त खाल्लं की दोन-चार तासांत त्यांचं पोट टम्म फुगतं. दिवसभर थकवा असतो. दम्यासाठी रोज स्टेरॉइडचा इनहेलर चालू आहे आणि जिभेवर पांढरा थर दिसतो. वर्षभरात चार वेळा योनीमार्गात खाज आणि पांढरा स्राव झाला. दर वेळी मेडिकलमधून फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशकाची एक गोळी आणली, बरं वाटलं, पुन्हा झालं. वडिलांना मधुमेह आहे. एका ऑनलाइन आहार-सल्लागाराने २०० पदार्थांची रक्तचाचणी करवली, त्यात यीस्ट लाल रकान्यात आलं. सकाळी ग्लासभर पाण्यात थुंकून पाहायची चाचणीही ‘पॉझिटिव्ह’ ठरली. निदान असं की यीस्टची अ‍ॅलर्जी आहे आणि तिच्यामुळे आतड्यात कॅन्डिडा बेसुमार वाढला आहे. साखर, फळं, पाव, इडली-डोसा, दही, चीज, व्हिनेगर असं सगळं तीन महिने बंद, सोबत थेंब आणि कॅप्सूल. दहा आठवड्यांनंतर पोट हलकं आहे, वजन सहा किलोंनी उतरलं आहे, थकवा तसाच आहे आणि खाज पुन्हा आली आहे. सासूबाई म्हणतात, ‘इडलीने कुणाला काय होतं?’ त्या विचारतात: राहिलेला कोर्स पूर्ण करू का? नऊ वर्षांच्या मुलीचीही चाचणी करू का? पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे, केक खाल्ला तर चालेल का?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात चार तक्रारी आहेत: पोट फुगणं, थकवा, जिभेवरचा थर आणि वरचेवर येणारी खाज. तुम्हाला मिळालेलं निदान या चौघींना एकाच दोरीत ओवतं, म्हणून ते पटतं. पण ती दोरी आहे फक्त ‘यीस्ट’ या शब्दाची. पावातलं यीस्ट वेगळं आणि कॅन्डिडा वेगळा. दोन्ही एकपेशीय बुरशी, एवढंच त्यांचं नातं. ‘दोन्ही सस्तन प्राणी’ म्हणून मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्याला म्हैस चावली असं आपण म्हणत नाही.

पावाचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसिई. पीठ फुगवतं तेही हेच आणि बिअर बनवतं तेही हेच. भट्टीत पावाचा गाभा नव्वद अंशांच्या वर तापतो आणि यीस्ट साठ अंशांच्या आसपासच मरतं. म्हणजे भाजलेल्या पावातून जिवंत यीस्ट पोटात जाऊन वाढण्याचा प्रश्नच येत नाही. कॅन्डिडा अल्बिकन्स आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर आणि योनीमार्गात आधीपासून राहतो, निरोगी माणसांतही. तो पावातून येत नाही. म्हणूनच शौचाच्या तपासणीत कॅन्डिडा सापडला एवढ्यावरून आजार ठरत नाही. घरात झुरळ दिसलं म्हणजे घर पडायला आलं, असं होत नाही ना?

आता ‘अ‍ॅलर्जी’ या शब्दाकडे वळू. यीस्टची खरी अ‍ॅलर्जी असते, पण विरळा. ती काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत दिसते: अंगावर पित्त उठणं, ओठ किंवा पापण्या सुजणं, घशात खवखव, उलटी, श्वास लागणं. मुख्य म्हणजे ती दर वेळी, थोड्या प्रमाणालाही होते. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. दोन-चार तासांनी फक्त पोट फुगतं, आणि एखादा पाव चालतो पण तीन खाल्ले तर त्रास होतो, असं तुम्हीच लिहिलं आहे. अ‍ॅलर्जी अशी मोजून मापून वागत नाही, ही खूण पचनाची आहे. बेकरी कामगारांना पिठाच्या धुळीने दमा होतो, तो खरा अ‍ॅलर्जीचा प्रकार. पण तिथेही गुन्हेगार बहुतेक गव्हाचं पीठच असतं, किंवा पिठात मिसळलेलं अल्फा-अमायलेज नावाचं एन्झाइम. यीस्टचा नंबर बराच खाली लागतो.

खरी अ‍ॅलर्जी तपासायची तर दोन रस्ते आहेत. एक स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर थेंब ठेवून हलकं टोचणं) आणि दुसरा रक्तातली ‘स्पेसिफिक आयजीई’, म्हणजे त्या पदार्थाविरुद्धची अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं मोजणं. स्किन टेस्टच्या आधी सेट्रिझिनसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटाच निगेटिव्ह येतो. आणि हे दोन्हीही लक्षणांशी जुळले तरच अर्थपूर्ण. जुना एक्झिमा असलेल्यांच्या रक्तात पावाचं यीस्ट, कॅन्डिडा, त्वचेवरची मॅलॅसेझिया अशा अनेक बुरशींविरुद्ध आयजीई सापडतं, कारण या बुरशींची काही प्रथिनं आणि पेशीभित्तिकेतल्या काही साखरा एकमेकींसारख्या असतात. तुमचा सल्लागार म्हणतो त्या ‘नात्यात’ खरं एवढंच आहे: चाचणीत एकीच्या जागी दुसरी दिसू शकते. एकीची अ‍ॅलर्जी दुसरीला वाढवते, असं मात्र नाही.

तुमच्या अहवालात मोजलं आहे ते आयजीजी. ‘ई’ आणि ‘जी’ या एका अक्षराच्या फरकावर हा सगळा धंदा चालतो. आयजीजी म्हणजे शरीराने तो पदार्थ पाहिला आहे, ओळखला आहे, याची नोंद. जे आपण नेहमी खातो त्याचं आयजीजी जास्त दिसतं. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये आणि कॅनडाच्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं की अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी ही चाचणी वापरू नये. तुमच्या यादीत लाल रकान्यात यीस्टशेजारी गहू, दूध आणि तूरडाळ आहे. ठाण्या-मुंबईतल्या कुठल्याही घरी रोज शिजतं तेच ते. पत्ता बरोबर आला, आजार नाही. यीस्टविरुद्धची एक प्रकारची प्रतिपिंडं क्रोन्स या आतड्याच्या आजारात वाढलेली दिसतात आणि निदानाला थोडीफार मदत म्हणून तपासलीही जातात. पण तिथेही कुणी त्यांना ‘पावाची अ‍ॅलर्जी’ म्हणत नाही.

थुंकीच्या चाचणीवर फार शब्द खर्च करत नाही. रात्रभर तोंड बंद असतं, लाळ दाट होते, सकाळी तिच्यातल्या चिकट पदार्थाचे धागे पाण्यात लोंबतात. आदल्या दिवशी पाणी कमी प्यायलेल्या कुणाच्याही ग्लासात ते दिसतील. सासूबाईंना करून पाहायला सांगा.

हे निदान आलं कुठून, ते कळलं तर तुमचा अपराधीपणा थोडा कमी होईल. १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले डॉ. ओरियन ट्रस यांनी मांडलं की थकवा, उदासी, डोकेदुखी, पोट फुगणं या सगळ्यामागे कॅन्डिडाबद्दलची अतिसंवेदनशीलता असू शकते. टेनेसीतले बालरोगतज्ज्ञ विल्यम क्रूक यांनी १९८३ मध्ये ती कल्पना घरोघरी पोचवली: प्रश्नावली भरा, गुण मोजा, साखर आणि यीस्ट सोडा. १९८६ मध्ये अमेरिकी अ‍ॅलर्जी अकादमीने ही कल्पना अनुमानावर उभी आणि असिद्ध असल्याचं जाहीर केलं. मग १९९० मध्ये तिची नीट परीक्षा झाली. अशी लक्षणं असलेल्या ४२ स्त्रियांना निस्टॅटिन हे बुरशीनाशक आणि तसंच दिसणारं निरुपयोगी औषध आळीपाळीने दिलं, कुणाला काय चाललंय ते कळू न देता. योनीमार्गाची लक्षणं निस्टॅटिनने कमी झाली. थकवा, उदासी वगैरेंवर मात्र ते खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. तुमचंही तसंच आहे, पाहा: दहा आठवड्यांनंतर थकवा जागच्या जागी.

‘पण पोट तर खरंच हलकं झालं!’ झालं, ते मी नाकारत नाही. पाव, पिझ्झा, बिस्किटं, केक, चीज, रात्री टीव्हीसमोरचं चरणं एकदम बंद केलं तर बहुतेकांचं पोट हलकं होतं. आहार उपयोगी पडला म्हणून त्यामागचं कारणही खरं, असं नाही. तुमच्या बाबतीत माझा संशय गव्हातल्या फ्रुक्टॅन नावाच्या साखळीसाखरेवर आहे. ती माणसाच्या लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यात जीवाणू तिला आंबवतात आणि वायू तयार होतो, तोही खाल्ल्यावर काही तासांनी. कांदा-लसणातही तीच असते. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी, आपल्याला ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) सोसत नाही असं मानणाऱ्या ५९ जणांना लपवून ग्लुटेन, फ्रुक्टॅन आणि दोन्ही नसलेलं असं खाऊ घातलं. पोटाचा जास्त त्रास फ्रुक्टॅनने झाला. गंमत म्हणजे पीठ पुरेसा वेळ आंबलं तर यीस्ट स्वतःच बरंचसं फ्रुक्टॅन खाऊन टाकतं. तासाभरात फुगवून भट्टीत सरकवलेल्या पावात ते जास्त उरतं. म्हणजे तुमचा आरोपी कदाचित साक्षीदार आहे.

हे घरी तपासता येतं, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते फारच सोपं आहे. पावात गहूही असतो आणि यीस्टही, म्हणून दोघांना वेगळं करायचं. पोळीत गहू असतो, यीस्ट नसतं. दोन लादीपावांत साधारण ६० ग्रॅम मैदा धरा, तेवढ्या कणकेच्या दोन मध्यम पोळ्या होतात. तीन दिवस रोज दुपारी पोळ्या आणि साधं वरण, भाजीत कांदा-लसूण नाही. मग तीन दिवस तसंच जेवण, पण पोळीऐवजी भात. पोट पोळीच्या दिवसांत फुगलं आणि भाताच्या दिवसांत नाही, तर यीस्टचा संबंध संपला.

उलट बाजूही तपासता येते, यीस्ट आहे पण गहू नाही अशी. एरवी अर्धा किलो मैद्याला सात ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घालतात. म्हणजे दोन पावांत जेमतेम ग्रॅमभर यीस्ट आलं, आणि ते पाव चमचा भरतं. एक वाटी तांदळाचं पीठ, कोमट पाणी, मीठ, चिमूटभर साखर आणि पाव चमचा यीस्ट पाऊण तास झाकून ठेवा. मग जिरं, मिरची, कोथिंबीर आणि लिंबू घालून दोन जाड डोसे नीट शिजवून खा. वास लपवायला मसाला हवाच, पण कांदा-लसूण अजिबात नको, नाहीतर सगळं मुसळ केरात. हेच डोसे यीस्ट न घालताही करायचे. कोणत्या दिवशी कोणते, हे तुम्हाला सांगायचं नाही. सासूबाईंना हे काम द्या, त्यांना पुरावा हवाच आहे. दोन वेळा यीस्टचे, दोन वेळा बिनयीस्टचे, मध्ये दोन-दोन दिवस सोडून. प्रत्येक वेळी सहा तासांनी पोट किती फुगलं त्याला दहापैकी गुण लिहा आणि आज यीस्ट होतं की नाही याचा अंदाजही. कोणत्या दिवशी काय केलं ते सासूबाईंनी चिठ्ठ्यांवर लिहून ठेवावं, त्या चिठ्ठ्या शेवटी उघडा. दोनदा बरोबर, दोनदा चूक म्हणजे नाणं उडवलं असतंत तरी तेवढंच आलं असतं. चारही अंदाज बरोबर आले आणि गुणांतही ठळक फरक असला, तर माझं म्हणणं बाजूला ठेवून तज्ज्ञाकडे जा.

दोन अटी आहेत. तुम्हाला दमा आहे, म्हणून हा प्रयोग दमा पूर्ण आटोक्यात असतानाच आणि आधी डॉक्टरांना सांगून, जमल्यास यीस्टचं स्पेसिफिक आयजीई करून मगच करा. आणि हे वाचणाऱ्या ज्यांना पाव किंवा बिअरनंतर कधीही ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास अडकला असेल, त्यांनी हा प्रयोग घरी करूच नये. त्यांची तपासणी रुग्णालयातच व्हायला हवी. ज्यांची अ‍ॅलर्जी खरंच सिद्ध झाली आहे त्यांनी दोन जागा लक्षात ठेवाव्यात. जुलाबावर मिळणारी सॅकरोमायसिस बोलार्डीची प्रोबायोटिक पाकिटं म्हणजे यीस्टच. आणि हिपॅटायटिस बी ची लस यीस्टमध्ये तयार होते, म्हणून ती घेण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं.

आता इडली. आपल्याकडे ‘आंबवलेलं’ हा एकच शब्द पाव, इडली, दही, ढोकळा सगळ्यांना पुरतो. अशा सल्लागारांच्या याद्या बहुधा त्या शब्दावरूनच तयार होतात. इडली-डोशाचं पीठ मुख्यतः जीवाणू फुगवतात, त्यातही ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइड्स नावाचे. थोडं रानटी यीस्ट त्यात सापडतं, पण काम त्याचं नाही. खमण ढोकळा बहुतेक वेळा फ्रूट सॉल्टने किंवा सोड्याने फुगतो, म्हणजे तो आंबतही नाही. दही-ताक पूर्णपणे जीवाणूंचं. नानकटाईत यीस्ट नसतं. यीस्ट असतं ते लादीपावात, ब्रेडमध्ये, पिझ्झ्यात, टोस्टमध्ये आणि चहात बुडवतो त्या बेकरीच्या बटरांमध्ये. गोव्यातले पोदेर (पाववाले) पूर्वी पाव फुगवायला माडाची सूर वापरत, तिच्यातही यीस्टच काम करायचं. थोडक्यात, सासूबाई इडलीबाबत बरोबर होत्या. त्यांना हे दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

साखर सोडली की कॅन्डिडा उपाशी मरतो, हेही तुम्हाला सांगितलं गेलंय. जर्मनीत १९९९ साली निरोगी माणसांना मुद्दाम भरपूर साखरेचा आहार देऊन पाहिला. त्यांच्या तोंडातल्या आणि शौचातल्या कॅन्डिडावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. साखर बहुतेक लहान आतड्यातच शोषली जाते. कॅन्डिडापाशी पोचण्यासारखी ती खाली उरतेच किती? रक्तातली साखर वाढलेली असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथेच मला तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा खड्डा दिसतो. २०० पदार्थ तपासले. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर, तपासलंच नाही. वडिलांना मधुमेह, वय ४१, वर्षात चार वेळा खाज, सतत थकवा. ही तपासणी काही शे रुपयांत होते. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त आलं तर मधुमेह. मात्र दहा आठवडे साखर आणि फळं बंद असल्याने आकडा नेहमीपेक्षा थोडा कमी दिसेल. म्हणून सहा महिन्यांनी ती पुन्हा करा.

खाजेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण खरा कॅन्डिडा असलाच तर तिथेच आहे, आणि तिथेच तुम्ही एकही तपासणी न करता चार गोळ्या खाल्ल्या. खाज आणि दह्याच्या चोथ्यासारखा स्राव असला की कॅन्डिडाचा संशय येतो. पातळ, राखट, माशासारख्या वासाचा स्राव असला तर बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे जीवाणूंचा त्रास, त्यावर फ्लुकोनॅझोल काहीच करत नाही. स्वतःचा अंदाज किती चुकतो पाहा: अमेरिकेत आपल्याला यीस्ट इन्फेक्शनच आहे असं मानून दुकानातून औषध आणणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली, तर कॅन्डिडा साधारण एक तृतीयांश जणींतच निघाला. त्यामुळे पुढच्या वेळी गोळी न घेता, लक्षणं चालू असतानाच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तीन गोष्टी मागा: पीएच (आम्लता) मोजणारी पट्टी, सूक्ष्मदर्शकाखाली स्रावाची तपासणी आणि बुरशीचं कल्चर (प्रयोगशाळेत वाढवून ओळखणं), तेही प्रजातीच्या नावासह. कॅन्डिडात पीएच बहुधा ४.५ किंवा कमी राहतो. कल्चरमध्ये अल्बिकन्सऐवजी ग्लॅब्राटा निघाला तर फ्लुकोनॅझोल पुरेसं काम करत नाही आणि औषध बदलावं लागतं. दर वेळी बरं वाटून पुन्हा होण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं की त्याला वारंवार होणारा कॅन्डिडा संसर्ग म्हणतात. त्यावर एक गोळी पुरत नाही. रूढ पद्धत अशी: फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, मग आठवड्यातून एकदा सहा महिने. हा आकडा मेडिकलमध्ये जाऊन मागण्यासाठी नाही, डॉक्टरांशी बोलताना तुमच्या मनात असावा म्हणून देतेय. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर ही गोळी नको. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि काही स्टॅटिन यांच्याशीही तिची टक्कर होते. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असलेल्यांना लघवीतून साखर जाते, त्यामुळे ही खाज वाढते. अशांनी गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावं. आणि एक कळकळीची विनंती: जांघेत किंवा बाहेरून लावायला स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम लावत असाल तर थांबवा. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. दोन दिवस थंडावा देऊन ते बुरशीला मोकळं रान करून देतं. महाराष्ट्रात त्वचारोगतज्ज्ञांच्या दारातली अर्धी गर्दी याच ट्यूबांनी जमवलेली आहे, असं म्हणावंसं वाटतं.

जिभेचं उत्तर तुमच्या इनहेलरमध्ये असण्याची शक्यता आहे. आरशासमोर ओल्या कापडाने तो थर पुसा. पांढरे ठिपके निघून खाली लाल, हुळहुळी जागा दिसली तर तो कॅन्डिडाचा थ्रश. नुसता पांढरट लेप असेल आणि खाली जीभ गुलाबी असेल, तर ती साधी लेपटलेली जीभ, चूळ आणि जिभलीचं काम. थ्रश असेल तर दंतवैद्य किंवा डॉक्टर क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं औषध देतील. पण इनहेलरची पद्धत न सुधारता ते पुन्हा येणारच. फवाऱ्याचा इनहेलर स्पेसर (त्याला जोडायची पोकळ नळी) लावून घ्या. घेतल्यावर चूळ भरा, गुळण्या करा आणि पाणी थुंका, गिळू नका. मग दात घासा. हे जमवण्यासाठी इनहेलर ब्रशच्या शेजारीच ठेवा. मात्र थ्रशच्या भीतीने इनहेलर बंद करू नका. कवळी वापरणाऱ्या वाचकांनी ती रात्री काढून, घासून ठेवावी.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड) आणि बी-१२ या तपासण्या पुरेत. पाळी जास्त जात असेल तर फेरिटिन आधी. पोटासाठी सिलियाकची (ग्लुटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी करायला हवी, पण इथे एक अडचण तुमच्या आहारानेच करून ठेवली आहे. गहू खाणं चालू नसेल तर ही चाचणी खोटी निगेटिव्ह येते. तुम्ही पोळी खाताय का, ते पत्रात नाही. नसाल तर किमान सहा आठवडे दिवसातून दोन वेळा पोळी खाऊन मगच ती करा. पोट रोज, आठवडेच्या आठवडे फुगलेलं असेल तर पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफीही करून घ्या. चाळिशीनंतर अंडाशयाच्या आजाराकडे ‘गॅस’ म्हणून दुर्लक्ष होतं. शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घास गिळताना त्रास किंवा न ठरवता घटणारं वजन यांपैकी काहीही असेल तर आहाराचे प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर.

राहिलेले तीन आठवडे? कोर्स आजच सोडा. सहा किलो वजन जाणं हे यश नाही, तुम्हाला वजन कमी करायचंच नव्हतं. थेंबांत ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट आहे असं लिहिलंय. अशा काही तयार उत्पादनांत बेन्झेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडलेलं आहे. तो ‘नैसर्गिक’ असर त्याचाच असू शकतो. मधल्या काळात डोकेदुखी झाली तेव्हा ‘बुरशी मरतेय म्हणून होतंय, चांगलं लक्षण आहे’ असं सांगितलं गेलं. ही प्रतिक्रिया वैद्यकात सिफिलिससारख्या जीवाणूंच्या आजारात पेनिसिलिन दिल्यावर काही तासांत होणाऱ्या तापासाठी ओळखली जाते, तिथून ती इथे उसनी आणली आहे. बरं वाटलं तर औषधाचा गुण आणि बिघडलं तरीही औषधाचाच गुण! अशा उपचाराला चूक ठरायला जागाच ठेवलेली नसते. पदार्थ परत आणताना आधी दही-ताक, मग इडली, मग केळं, पपई, डाळिंब. दर दोन दिवसांनी एक, म्हणजे काही बिघडलंच तर कशाने ते कळेल.

आतड्यात बुरशी वाढणं पूर्णपणे खोटं, असं मात्र मी म्हणत नाही. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा आतड्याची हालचाल मंदावलेल्या काही रुग्णांत लहान आतड्यातून काढलेल्या पाण्यात ती वाढलेली सापडते. पण ते दुर्बीण घालून ठरवावं लागतं, प्रश्नावलीने नाही. आणि रक्तात पसरलेला कॅन्डिडा हा अतिदक्षता विभागातला, जीव घेणारा आजार आहे. तो झालेला माणूस शाळेत जाऊन तास घेत नाही.

मुलीची चाचणी करू नका. नऊ वर्षांच्या निरोगी मुलीच्या आयजीजी अहवालात गहू, दूध, अंडं लाल येणार, आणि वाढीच्या वयात तुम्ही तिच्या ताटातून नेमकं तेच काढाल.

आणि केक. केकमध्ये यीस्ट नसतं. तो बेकिंग पावडरने आणि फेटलेल्या अंड्याने फुगतो. म्हणजे सल्लागाराच्या स्वतःच्या हिशेबानेही किमान यीस्टवरून तो बंद करायला नको होता. मैदा आहे, म्हणून एक तुकडा घ्या, दोन नको. आणि पार्टीत पावभाजी असेल तर त्या दिवशीच्या पोट फुगण्याचा आळ केकवर जाऊ देऊ नका.